नूतनच्या बोडीची इर्जिक

८ जुलै, सकाळ
आजपासून रोजनिशी सांगणार. एक दिवस चुकणार नाई. लिहिणं मले येत नाई. शाळेच्या दारातून मी फक्त बकऱ्या हाकलल्या. पण नूतननं माझ्या फोनमध्ये सोय करून देली. माईकचं चित्र दाबायचं, बोलायचं, फोन लिहिते. तारीख बी तोच टाकते. त्यानं काय लिहिलं ते मले वाचता येत नाई, मी काय बोलली ते त्याले समजत नाई. जोडी बरी आहे.

नूतन म्हणजे माझी नात, कुलदीपची पोरगी. पुण्याले नोकरीत होती. मागच्या वर्षी माझा पाय मोडला तं पाहायले आली अन् राह्यली. मी तिले राहा म्हणलं नाई. पाय आता बरा आहे. फक्त कोणी पुण्याचं नाव काढलं का ठणकते. मूल गावच्या डॉक्टरले हे दुखणं सापडत नाई. डॉक्टर नवा आहे.

छपरीत बसून ती सॉफ्टवेअर बनवते. लोक म्हणे दूरचे कम्प्युटर किरायानं घेतात, त्याले क्लाऊड म्हणतात. ढगाशी काही संबंध नाई, हे मी पहिलेच विचारून घेतलं. एसी लावलेले मोठाले गोदाम असतात. गर्दी वाढली का जास्त कम्प्युटर सुरू करायचे, गर्दी गेली का बंद करायचे, नाईतं रिकामाच किराया चढते. नूतनचं सॉफ्टवेअर हे आपोआप करते. वावराच्या वरच्या अंगाची बोडी, लहान तळंच ते, कशी धानाले लागेन तेवढं पाणी सोडते, बाकीचं धरून ठेवते. तसं. म्हणून तिनं नाव बी बोडीच ठेवलं.

अन् हे सगळं फुकट. ओपन सोर्स. कोणीही घ्यावं, कोणीही आत पाहावं, कोणीही हात लावून सुधरावं. हे ऐकलं अन् मी म्हणलं, पोरी, ही तं इर्जिक! एकाच्या वावरात सारं गाव राबते, वावरवाला जेवू घालते, मंग तो दुसऱ्याच्या वावरात जाते. अर्धी जिंदगी मी इर्जिकीत काढली. म्हणजे या धंद्यात नूतनपेक्षा माझा अनुभव जास्त. उद्यापासून लक्ष घालते.

१० जुलै
काल राहून गेलं. काल धरायचा नाई.

कुलदीप राइस मिलमधून आला अन् नूतनसमोर बसला. म्हणाला, धान घरात येईपर्यंत पाहू. तोपर्यंत एखाद्या कंपनीनं म्हणलं का बोडी सांभाळायचा पगार देतो, तं राहा इथी. नाईतं नोकरी पाहा, पुण्याले जा. नूतननं मान हलवली. मी मधात पडली नाई. पाय ठणकला, त्याचा आवाज झाला असेल तेवढाच.

धान यायले खूप वेळ आहे. तोपर्यंत मी हे काम मार्गी लावते. मले स्वतःले काही नाई, ती गेली काय अन् राह्यली काय. पण आमच्या छपरीत हवा चांगली येते.

इर्जिकीचे नियम तिले सांगून ठेवले. आलेल्या हाताले परत पाठवायचं नाई. ज्यानं आपल्याकडं काम केलं त्याच्याकडं जायचं. पंगतीतून कोणाले उठवायचं नाई. नूतन म्हणाली, आजी, ओपन सोर्समध्ये नाई म्हणणं हेच मोठं काम असते. लेकरू आहे.

१७ जुलै
पहिला हात आला! दिनेश नावाचा पोरगा, इंदूरचा. त्यानं बोडीतली एक चूक दुरुस्त केली. केवढी चूक, म्हणलं. म्हणे एक कॉमा सुटला होता. छोटी असो. पण आता जेवू कसं घालावं? इंदूरपर्यंत भाजी टिकत नाई. म्हणून दुसरा नियम लावला, त्याच्या वावरात जा म्हणलं. दिनेश लग्नाचे हॉल बुक करायचं सॉफ्टवेअर बनवते. नूतन म्हणाली, आजी, एका कॉमासाठी? मी म्हणलं, इर्जिकीत कोणाच्या हातात किती पेंढ्या होत्या हे मोजत नाई.

२६ जुलै
आपल्या धानाचा रोवणा. बांधीच्या पलीकडं वाघीण पिल्लं घेऊन दिसली, फॉरेस्टवाले फटाके फोडून गेले, अन् बाया यायच्या थांबल्या. मी म्हणलं, इर्जिक बोलावू. कुलदीप हसला. मंग त्यानंच पिकअपवाल्याले सांगून दुसऱ्या गावच्या बाया आणल्या, पैशाच्या बोलीवर. शेजारची धुरपता कुंपणावरून म्हणाली, काय वं गिरजाबाई, तुझ्या इर्जिकीत आता तू अन् तुझी कोंबडी. मी म्हणलं, कोंबडी तुझ्यापेक्षा पहिले येते कामावर.

धुरपतेले मर्म कळलं नाई. इर्जिक संपली नाई. कम्प्युटरवर गेली.

२ ऑगस्ट
नूतन अजून दिनेशच्या हॉलवर. बोडीचं काम थांबलं. थांबलं म्हणजे मुरून राह्यलं.

९ ऑगस्ट, दुपार
ब्राझील देशातल्या एका माणसानं भलंमोठं काम करून पाठवलं. न सांगता, न विचारता. माझ्या अंगावर काटा आला. नूतन डोळे बारीक करून पाहत राह्यली. म्हणाली, आजी, यानं काय केलं ते मले समजत नाई. तपासून बी पाह्यलं नाई त्यानं. याले चांगल्या शब्दात नाई म्हणते.

मी म्हणलं, समुद्र ओलांडून माणूस नांगर घेऊन दारात आला, अन् तू म्हणते फाळ दाखव? उन्हात उभा ठेवते त्याले?

म्हणाली, त्याच्या घरी आता रात्र आहे.

मी म्हणलं, मंग तं आणखीनच वाईट. एवढं बोलून मी पाणी प्यायले उठली. पाय जरासा धरला, भिंतीले टेकली. नूतननं माझ्याकडं पाह्यलं, मंग बटन दाबलं. घेतलं त्याचं काम. नीट समजावून सांगतलं का पोरगी ऐकते.

२४ ऑगस्ट
बातमी पसरली का बोडी कोणाले परत पाठवत नाई. आता हातच हात. एकानं सगळं निळं करून देलं. एकानं त्याच्यात वाढदिवसाची आठवण टाकली. कम्प्युटरचा वाढदिवस का मालकाचा, ते नूतनले बी सांगता येत नाई. एकानं दुसऱ्याचं काम काढून आपलं टाकलं, मंग पहिल्यानं त्याचं काढून आपलं टाकलं. दोघायलेही घेतलं. नूतन सकाळपासून हेच करते. स्वतःचं काम करायले तिले वेळ नाई. यजमानाले कधी असते?

विहारात वर्षावासाचं वाचन सुरू आहे. वाचन संपल्यावर मी बायायले सांगतलं का आता देशोदेशीचे लोक आमच्या छपरीत राबून राह्यले. एकीनं विचारलं, चहा किती लागते? हे सवाल विचारणारे लोक कधी पुढं जात नाई.

७ सप्टेंबर
नूतन मले तक्रारी वाचून दाखवते. एक म्हणते हे चालत नाई. एक म्हणते हे पहिले चालत होतं, आता काऊन चालत नाई. एकानं लिहिलं का असं रद्दी काम करणाऱ्यानं घरी बसावं. मी म्हणलं, त्याले लिही, घरीच बसली आहे. नूतन हसली. बऱ्याच दिवसानं हसली.

मी तिले समजावलं, जेवणाऱ्यानं भाजीत मीठ कमी म्हणलं म्हणजे तो जेवला. लोक जेवून राह्यले. ती म्हणाली, आजी, मी काऊन जेवून नाई राह्यली मंग? तिची थाळी तशीच झाकून होती. तरणी पोरगी आहे, भूक इकडं तिकडं होते.

संकल्प: उद्यापासून तिले वेळेवर जेवायले उठवायचं.

१५ सप्टेंबर
उठवलं नाई. ती कामात होती.

२८ सप्टेंबर
मी म्हणत नव्हती! पुण्याची एक कंपनी आपले सगळे कम्प्युटर बोडीवर चालवून राह्यली. तिचा साहेब पवन व्हिडिओवर आला. मी नवं लुगडं नेसून नूतनच्या बाजूले बसली. पवन म्हणाला, अरे वा, आजीपण आहेत! मॅडम, तुमचं टूल फार छान आहे, आमचं क्लाऊडचं बिल एकदम खाली आलं.

मी म्हणलं, बाबू, पोटभर जेवला न? मंग आता आमच्याकडं रोवायले कधी येतो?

नूतन म्हणाली, आजी!

पवन हसला. म्हणाला, आजी, हे फ्री आहे ना. परत काही द्यायला पाहिजे, असं लायसन्समध्ये लिहिलेलंच नाही.

मी म्हणलं, इर्जिकीत बी लिहिलेलं नसते. म्हणून तं लोक येतात.

यावर त्याचा आवाज गेला. नूतन म्हणाली नेट गेलं. मले वाटते लाजला.

कुलदीपले सांगतलं का कंपनी सापडली. त्यानं विचारलं, माय, पगार? मी म्हणलं, तू घाई फार करते.

१६ ऑक्टोबर
आज चंद्रपूरले दीक्षाभूमीवर जायचं होतं. दरवर्षी जातो. सून रंजीतानं सगळ्यायचे पांढरे कपडे इस्त्री करून ठेवले होते. गेलो नाई. सकाळीच बोडी फुटली.

सणाचे दिवस, लोकायच्या दुकानायवर गर्दी, अन् बोडीनं ऐन गर्दीत कम्प्युटर बंद केले. गर्दी गेली का सुरू केले. उलटंच. शोधता शोधता नूतनले सापडलं, ब्राझीलवाल्याच्या कामात होतं. मी म्हणलं, बोलाव त्याले. बोलावलं, पत्ता नाई. निळं करणाऱ्याले बोलाव. तो बी नाई. एकमेकायचं काढणारे दोघं? ते आता तिसऱ्याच वावरात भांडून राह्यले. दिनेशनं अंगठा पाठवला. चित्रातला.

नूतन एकटी चिखलात. मी पोळी गुंडाळून हातात देली, तिनं धरली, तशीच ठेवली. हे कोणामुळं झालं ते मी बोलू शकली असती. पण त्या ब्राझीलवाल्याले आत घेणारं बटन तिनंच दाबलं होतं, अन् अशा वेळी दोष काढू नये. लेकराच्या मनाले लागते.

१८ ऑक्टोबर
बोडी दुरुस्त झाली. लोक गेले. जाता जाता शिव्या लिहून गेले म्हणे. नूतन आता वाचून दाखवत नाई, मी जवळ गेली का लॅपटॉपचं झाकण लावते.

विचारलं, पवनच्या कंपनीचं किती नुकसान झालं? म्हणाली, काहीच नाई. त्यायनं आपल्या बोडीची वेगळी नक्कल कधीचीच करून घेतली होती. तिच्यातल्या चुका काढल्या अन् आपल्याले सांगतल्या बी नाई.

म्हणजे आपल्या बोडीचं पाणी आपल्या वावरात नेलं अन् वरून पाळ बांधली? हे चालते?

चालते आजी, म्हणाली. मीच लिहून देलं आहे का चालते.

मोठी माणसं घरात असताना लेकरायनं असं लिहून देऊ नये. उद्या पवनले मी पाहते.

२० ऑक्टोबर
पाह्यलं! नूतनचा फोन चार्जिंगले होता. त्याले म्हणलं, पवनले लाव. लावला. त्याले बी माझ्या आवाजाची सवय आहे.

पवनले म्हणलं, बाबू, फुकट जेवलेलं अंगी लागत नाई. तो बिचारा शांत होता. म्हणाला, आजी, खरं सांगू का, आम्हाला नूतन मॅडमच हव्या आहेत. बोडीसारखं काम करणारं दुसरं कोण आहे? पगाराचं पत्र पाठवतोच.

पगार! माझ्या इर्जिकीनं पगार आणला! कुलदीपची अट पूर्ण. नूतन इथीच राहीन, छपरीत, हवेशीर. मी रंजीताकडून गूळ-खोबरं मागून घेतलं अन् विहारापर्यंत वाटत गेली. पाय अजिबात दुखला नाई. धुरपतेले दोन वेळा देलं. ती म्हणाली, तोंड गोड करून राह्यली, का बंद करून राह्यली? दोन्ही, म्हणलं.

२ नोव्हेंबर
पत्र आलं. नोकरी पुण्याले. रोज ऑफिसात यावं लागेन म्हणे.

मी म्हणलं, त्यायले छपरीचं सांग. म्हणाली, सांगतलं. मंग काय म्हणाले? म्हणे, या.

मी म्हणलं, मंग त्यायले नाई म्हण.

नूतन माझ्याकडं पाहतच राह्यली. म्हणाली, आजी, इतक्या दिवसात पहिल्यांदा तू मले कोणाले नाई म्हणायले सांगून राह्यली.

तेवढ्यात पायात कळ आली. काय करणार, कळ काही विचारून येत नाई. नूतननं तेल आणलं, पाय मांडीवर घेतला, दाबत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, आजी, मोडला होता तो दुसरा.

कळ सरकते. डॉक्टरले विचारावं लागेन.

१६ नोव्हेंबर
धान घरात आलं. पोते रचून झाले. कुलदीप नूतनच्या बाजूले येऊन बसला. तिनं बोडीवर पाटी लावली. काय लिहिलं, विचारलं. वाचून दाखवलं: इथलं काम आता बंद झालं आहे. पाहायचं तं पाहा, न्यायचं तं न्या, दुरुस्ती पाठवू नका. अशी पाटी लागली का मंग कोणालेही आत हात लावता येत नाई. तिले बी नाई.

मी म्हणलं, पाटी काढ. उद्या कोणी आलं तं? दारावरून परत जाईन.

म्हणाली, कोणी येत नाई आजी.

तरी मी दुपारभर छपरीत बसली. यजमानानं बसावं लागते.

२३ नोव्हेंबर
नूतन गेली. बल्लारशाहून गाडी होती. मी स्टेशनवर गेली नाई. तिनंच म्हणलं, पायऱ्या आहेत. मी पायाचं नाव काढलं नव्हतं.

जास्त दिवसाची गोष्ट नाई. पुण्यात बसून ती त्या कंपनीकडच्या बोडीचं काम करीन, तिले मोठी करीन, मंग तेच लोक म्हणतील का बाई, तू गावावरूनच कर. मी हिशोब करून ठेवला आहे. रोवण्यापर्यंत परत.

छपरी झाडून घेतली. तिचं टेबल हलवू देलं नाई. कुलदीप म्हणाला, पोते ठेवायले जागा लागते. म्हणलं, शोध.

१२ डिसेंबर
नूतनचा फोन. पहिलेच विचारलं, बोडी कशी आहे? म्हणाली, कंपनीनं बोडी काढून टाकली आजी, दुसरं काहीतरी विकत घेतलं. मी आता हॉटेलाच्या खोल्या बुक करायचं सॉफ्टवेअर करून राह्यली.

मी म्हणलं, मंग तिथी काय करून राह्यली? ये परत.

म्हणाली, आजी, इथी मले झोप लागते. ऑफिस सुटलं का सुटलं. कोणी काही मागत नाई. भूक बी लागते.

मी म्हणलं, एवढं सुख होतं तं पहिलेच काऊन नाई गेली? तुझी पुण्याची जुनी कंपनी तं कधीची परत बोलावून राह्यली होती म्हणे.

म्हणाली, तुले नाई म्हणता आलं नाई.

मी म्हणलं, मी तं तुले कधी राहा म्हणलंच नव्हतं.

हव, म्हणाली. तू म्हणलं नव्हतं.

मंग कुकरची शिट्टी झाली तिच्याकडं. फोन ठेवला. नेट चांगलं होतं आज, एक शब्द सुटला नाई.

१९ डिसेंबर
काही सांगण्यासारखं नाई. छपरीत धानाचे पोते ठेवले.

४ जानेवारी
२६ तारखेले विहाराचा वर्धापन दिन. गावभोजन आहे. नूतनले फोन लावला, म्हणलं, त्याच्यासाठी येशीन न?

म्हणाली, नाई आजी.

मी थांबली. वाटलं पुढं काही येईन. सुट्टी नाई, तिकीट नाई, साहेब सोडत नाई. काही आलं नाई. नुसतं नाई. सरळ, कोरडं, नीट. मंग मी विचारलं, जेवली का. म्हणाली, हव, जेवली.

संध्याकाळी धुरपता कुंपणाशी आली. विचारलं, येऊन राह्यली का वं नात? सांगून देलं, मीच नाई म्हणलं, एवढ्या दूरून कायले येते.

धुरपता नुसती उभी राह्यली. काही टोमणा मारला असता तं बरं झालं असतं.